थव्याला मुकादम नसतो

सुगीचे दिवस आठवा. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहायचा. घरातले एखादे पोर गोफण घेऊन त्यावर चढायचे आणि दिवसभर हाळ्या देत पाखरे हाकलायचे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या आईबापांनी दुसऱ्याच्या शेतावर राखणीला बसून हे काम केले आहे. ज्यांनी केले, त्यांना भोरडी ओळखून दाखवावी लागत नाही. काळे डोके, काळे पंख आणि मधले अंग फिकट गुलाबी. एकटीदुकटी ती कधी येत नाही. येते ती थव्याने.

गोफणीचा दगड थव्याच्या एका कडेला पडतो. पण उठतो तो सगळा थवा. शेकडो पाखरे एका दमात वर जातात, एका दमात वळतात आणि पलीकडच्या बांधावर उतरतात. एवढ्या दाटीत कोणी कोणावर आदळत नाही. माळ्यावरच्या पोराच्या मनात प्रश्न यायचाच, की यांना हुकूम देतो तरी कोण?

वाचकहो, हा प्रश्न पोरकट नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यावर आयुष्याची वर्षे घातली आहेत. त्यांच्या उत्तराचा गाभा एका साध्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे उशीर.

पाहुणी भोरडी

आधी या पाखराची थोडी ओळख. भोरडी आपल्याकडची नव्हे. तिची वीण पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मुलखात होते. पिल्ले मोठी झाली की थवे भारताकडे निघतात. पावसाळ्यात यायला लागतात आणि उन्हाळा तापू लागला की परततात. उजनीच्या पाण्याभोवती, भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यातल्या संध्याकाळी त्यांचे प्रचंड थवे आभाळात धुरासारखे वळताना दिसतात. फुललेल्या पळसावर त्या रस प्यायला जमतात, म्हणून त्यांना पळसमैना असेही नाव आहे.

ज्वारी खाते म्हणून शेतकरी तिच्यावर चिडतो. पण हीच भोरडी टोळ आणि नाकतोडे फस्त करते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरण्यासाठी लोकांनी तिला घरटी करायला मुद्दाम जागा बांधून दिल्या आहेत.

राजा पाखरू की मनातले ओळखणे?

थव्यात एक राजा असतो, तो वळला की बाकीचे वळतात, असे आपल्याकडची म्हातारी माणसे सांगत. हा तर्क वाईट नव्हता. माणसांच्या जगात त्यांनी तेच पाहिले होते. शेतावर मालक, गिरणीत जॉबर, बांधकामावर मुकादम. कोणीतरी ओरडल्याशिवाय दहा माणसे एका दिशेने हलताना त्यांनी पाहिली नव्हती.

इंग्लंडमध्ये एडमंड सेलूस नावाचा पक्षीनिरीक्षक होता. त्याने वर्षानुवर्षे रानात बसून थवे पाहिले. राजा काही सापडेना. मग १९३१ साली त्याने एक पुस्तकच लिहिले आणि त्यात मांडले, की एका पाखराच्या मनातला विचार थेट दुसऱ्याच्या मनात जात असला पाहिजे. सेलूस ढोंगी नव्हता. बारकाईने पाहणारा माणूस होता. पण थव्यातली गोष्ट घडते ती सेकंदाच्या लहान लहान तुकड्यांत, आणि तेवढे तुकडे नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. जिथे मोजमाप संपते तिथे चमत्कार सुरू होतो. पुढे कॅमेरे आले, मोजमाप वाढले आणि चमत्कार मागे सरला.

उशीर कुणालाच चुकत नाही

आपण एखादी गोष्ट पाहतो आणि लगेच हात हलवतो असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. डोळ्याने पाहिलेले मेंदूत जाते, मेंदू ठरवतो, मग निरोप स्नायूपर्यंत येतो. माणसात या सगळ्याला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. पाखराचे अंग लहान आणि मज्जातंतू चपळ, म्हणून त्याला कमी लागतो. पण लागतोच. शेजारी वळला हे दिसणे आणि आपण वळणे यांच्यामध्ये उशिराची एक फट असते.

आता विचार करा. एकाला उशीर, त्याचे पाहून दुसऱ्याला उशीर, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याला. असा उशीर साठत गेला तर थव्याचे पुढचे टोक वळून गेलेले असेल आणि मागचे टोक अजून सरळच जात असेल. थवा फाटेल. मग तो फाटत का नाही?

याचे पहिले पक्के उत्तर १९८४ साली मिळाले. अमेरिकेतल्या वेन पॉट्स यांनी डनलिन नावाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या पाणपक्ष्यांचे चित्रीकरण करून एकेक चित्र तपासले. सगळी पाखरे एकदम वळत नाहीत, हे त्यांना दिसले. आधी एक वळते आणि मग वळण लाटेसारखे पसरत जाते. दचकून हालचाल करायला या पाखराला प्रयोगशाळेत सेकंदाचे ३८ हजारांश लागत. पण थव्यात ही लाट एका पाखरावरून दुसऱ्यावर साधारण १५ हजारांशांत जात होती. म्हणजे पाखराला जेवढ्या वेळात हलता यायला हवे, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात ते हलत होते!

हे गणित कसे जुळायचे?

घमेल्यांची साखळी

ज्यांनी बांधकामावर बिगारी काम केले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. स्लॅब टाकायचा दिवस असतो. मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची आणि बायांची रांग लागलेली असते. घमेले हातोहात वर जाते. आता या रांगेतली बाई घमेले आपल्या हातावर आदळेपर्यंत थांबते का? थांबली तर रांगच मोडेल. तिची नजर चार हात पलीकडे असते. घमेले तिकडून निघाले की हिचे हात आपोआप पुढे येतात. घमेले पोचते तेव्हा हात तयार असतात.

पाखरेही हेच करतात. पाखरू फक्त लगतच्या शेजाऱ्याचे पाहून वळत नाही. लांबून येणारी वळणाची लाट त्याला आधीच दिसते आणि ती आपल्यापर्यंत पोचेल त्या क्षणी ते वळते. उशीर अंगात असतोच, पण पाखरू तो आधी भरून काढते. रंगमंचावर एका ओळीत पाय उडवणाऱ्या नर्तकांची उपमा पॉट्स यांनी दिली आहे. नुसते पाहून हलायला माणसाला १९४ हजारांश लागतात. पण लाट येणार हे ठाऊक असेल तर ती एका नर्तकाकडून दुसऱ्याकडे १०७ हजारांशांत जाते. आपण लेझीमचा संच आठवावा. हातात लेझीम धरलेल्या पोराला एकेका पावलाची सूचना कोणी देत नाही.

पॉट्स यांना आणखी दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की लाट सुरू होताना वेळ लागतो. पहिल्या पाखराच्या शेजाऱ्यांना ६७ हजारांश लागले, कारण त्यांना आधी कसलीच सूचना नव्हती. पुढच्यांना मात्र लाट दिसलेली असते. दुसरी गोष्ट अशी, की थव्याच्या आतल्या बाजूला वळणाऱ्या पाखराचे बाकीचे ऐकतात. थवा सोडून बाहेर जाणाऱ्याच्या मागे कोणी जात नाही.

रोमचे आभाळ

इटलीतल्या रोम शहरात हिवाळ्यात मैनांचे थवे रात्रीच्या वस्तीला येतात. या मैना भोरडीच्या कुळातल्याच, पण जात वेगळी. मुख्य रेल्वे स्टेशनाजवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावून तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. आंद्रेआ कावान्या आणि इरेने जार्दिना ही त्यातली प्रमुख नावे. जॉर्जो पारिसी हेही सुरुवातीपासून त्यात होते. त्यांना २०२१ साली दुसऱ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

२००८ साली या गटाने दाखवले, की हजारोंच्या थव्यातले एकेक पाखरू साऱ्यांकडे पाहत नाही. ते लक्ष ठेवते फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर. शेजारी किती फुटांवर आहेत याला महत्त्व नाही. थवा विरळ झाला तरी सहा-सात आणि दाट झाला तरी सहा-सात. म्हणूनच ससाण्याने झडप घातली आणि थवा ताणला गेला तरी तो तुटत नाही.

२०१४ साली त्यांनी वळण मोजले. वळण सुरू करणारी पाखरे थोडी असतात आणि ती एकमेकांच्या जवळ असतात. तिथून बातमी सेकंदाला २० ते ४० मीटर वेगाने पसरते. म्हणजे तासाला ७२ ते १४४ किलोमीटर. पाखरे स्वतः उडतात त्याहून बातमी जास्त वेगाने जाते. चारशे पाखरांचा थवा अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळात पुरता वळतो.

मुले कानगोष्टीचा खेळ खेळतात तेव्हा पहिल्याच्या कानात सांगितलेले वाक्य शेवटच्याकडे भलतेच होऊन पोचते. थव्यात तसे होत नाही. पहिल्याचे वळण शेवटच्यापर्यंत जवळजवळ जसेच्या तसे जाते.

जिवाचा प्रश्न

हा सगळा हिशेब मौजेसाठी नाही. वर बहिरी ससाणा घिरट्या घालत असतो. थव्यातून जे पाखरू मागे राहिले, ते गेले. ससाण्याने हल्ला केला की थव्यातून काळ्या लाटा सरकताना दिसतात. रोममधल्याच २०११ सालच्या एका अभ्यासात आढळले, की थव्यात अशा लाटा उठल्या की ससाण्याला शिकार साधणे अवघड जाते. ज्या पाखराने ससाणा पाहिलाच नाही, तेही शेजाऱ्यामुळे वाचते.

समुद्राच्या पाण्यावर चालणारा एक किडा आहे. गालापागोस बेटांजवळ १९८१ साली त्याचा अभ्यास झाला. शत्रू जवळ येताना कडेचे किडे दचकून पळतात, शेजाऱ्याला धडकतात, तो पुढच्याला धडकतो. शत्रू पोचण्याच्या आधी बातमी पलीकडच्या टोकाला पोचलेली असते. शास्त्रज्ञांनी याला ट्रफाल्गर परिणाम असे नाव दिले. १८०५ सालच्या ट्रफाल्गरच्या लढाईत शत्रूचे आरमार निघाल्याची खबर एका जहाजाने दुसऱ्याला निशाणे दाखवून नेल्सनपर्यंत पोचवली होती. ज्याला शत्रूची जहाजे दिसतही नव्हती, तो तयार होऊन बसला.

उशीर जास्त झाला तर?

अरुंद बोळात समोरून माणूस येतो. आपण डावीकडे सरकतो, तोही त्याच बाजूला. आपण उजवीकडे, तोही उजवीकडे. दोघे हसतात आणि थांबतात. इथे भांडण नाही, मूर्खपणाही नाही. समोरचा आत्ता कुठे आहे हे न पाहता, तो क्षणापूर्वी कुठे होता त्यावर दोघे चालत असतात, इतकेच.

थव्यातही उशीर एका मर्यादेपलीकडे गेला की असेच होते. एरिक फॉर्गस्टन आणि आयरा श्वार्ट्झ यांनी २००८ साली गणिताने दाखवले, की सरळ चाललेला थवा उशिरामुळे आणि किरकोळ धक्क्यांमुळे आपली दिशा सोडून जागच्या जागी गोल फिरू लागतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या जुन्या जागेकडे धावतो आणि सगळे मिळून कुठेच जात नाहीत.

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांना हीच अडचण आली. वरून मुख्य संगणकाचा हुकूम न घेता आपसात बोलून उडणारे ड्रोन त्यांना बनवायचे होते. पण एका ड्रोनची खबर दुसऱ्याला पोचायला वेळ लागे आणि त्या उशिरामुळे ड्रोन मागेपुढे हेलकावे खात. शेजाऱ्याच्या वेगाशी आपला वेग हळूहळू जुळवून घेण्याचा नियम घातल्यावर २०१४ साली दहा आणि २०१८ साली तीस ड्रोन एकत्र उडाले.

उशीर नेहमी घातकच असतो असेही नाही. टोळांची पंख न फुटलेली पिल्ले गोल रिंगणात सोडली तर थोडी असताना ती कशीही भटकतात आणि दाटी झाली की एका दिशेने कूच करतात, हे २००६ साली प्रयोगात दिसले. अशा चालीचे गणित २०१४ साली मांडणाऱ्यांना आढळले, की काही परिस्थितीत थोडा उशीर एकजुटीला मदतही करतो. सगळा खेळ प्रमाणाचा आहे.

पुढे कोण? कबुतरांना विचारा

उशिराचा एक चांगला उपयोगही झाला. २०१० साली हंगेरी आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कबुतरांच्या पाठीवर छोटी यंत्रे बसवून त्यांचा मार्ग टिपला. कोणते कबुतर आधी वळते आणि कोणते सेकंदाच्या काही दशांशांनी मागाहून, हे पाहिले. ज्याचा उशीर कमी, तो पुढारी. कबुतरांमध्ये पुढारी होते, पण एकच नव्हता. मधल्यांनाही मत होते आणि पुढेमागे बदलही होत असे.

मग याच शास्त्रज्ञांपैकी काहींनी जमिनीवर पाहिले. दाण्यासाठी कोण कोणाला ढकलतो, कोण चोच मारून जागा बळकावतो, याची मोजणी झाली. २०१३ साली निष्कर्ष आला. जमिनीवरचे दांडगे आणि आभाळातले पुढारी यांचा मेळ बसत नाही. दाण्यावर दादागिरी करणाऱ्याच्या मागे आभाळात कोणी जाईलच असे नाही. २०१५ सालच्या अभ्यासात तर असे दिसले, की जे कबुतर वेगाने उडते ते पुढे राहते, आणि पुढे राहिल्यामुळे ते वाटही जास्त चांगली शिकते. म्हणजे शहाणा म्हणून पुढे असे नाही. पुढे जायला मिळाले म्हणून शहाणा झाला.

माणसांची गर्दी

आता आपल्याकडे वळू. जपानमध्ये २००८ साली २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी सोडल्या आणि सर्वांना एकाच वेगाने चालायला सांगितले. रस्त्यात खड्डा नाही, सिग्नल नाही. तरी थोड्या वेळात गाड्या तुंबल्या. एकाने जरा वेग कमी केला, मागच्याला ते उशिरा कळले म्हणून त्याने जास्त दाबून ब्रेक मारला, त्याच्या मागच्याने आणखी. तुंबाऱ्याची लाट मागे मागे सरकत गेली.

गाडी तुंबली तर वेळ जातो. गर्दी तुंबली तर जीव जातो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर पावसामुळे माणसे अडून राहिली आणि मागून येणाऱ्यांची भर पडत गेली. वीसहून जास्त माणसे मेली. पूल अरुंद असल्याची तक्रार प्रवासी आधीपासून करीत होते. तो दोष मेलेल्यांच्या माथी मारता येणार नाही. पूल रुंदच हवा. पण चेंगराचेंगरीत एक गोष्ट नेहमी घडते. पुढचा अडकला हे मागच्याला कळत नाही. मागच्याला वाटते पुढे वाट आहे, आणि तो रेटतो. पाखराला पुढून येणारी लाट दिसते. गर्दीतल्या माणसाला समोरच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही.

म्हणून दाट गर्दीत पुढची माणसे थांबली की आपणही थांबावे, हात छातीपुढे धरावेत, मूल उचलून घ्यावे आणि 'थांबा, पुढे अडले आहे' हा निरोप मोठ्याने मागे पाठवावा. मागच्यानेही तो आणखी मागे द्यावा.

मुलांनो, घरी करून पाहा

दहा-बारा जणांनी हात धरून गोल उभे राहा आणि डोळे मिटा. पहिल्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा, त्याने पुढच्याचा. फेरी पुरी व्हायला किती सेकंद लागले ते घड्याळात पाहा आणि माणसांच्या संख्येने भागा. हा झाला तुमचा उशीर. आता डोळे उघडे ठेवून एका ओळीत उभे राहा आणि एकेकाने हात वर करीत लाट पुढे न्या. पुन्हा भागाकार करा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. जरा सराव झाला की दुसरा आकडा लहान होत जाईल.

आणखी एक. मित्राने उभी धरलेली पट्टी अचानक सोडायची आणि तुम्ही दोन बोटांत पकडायची. पट्टी ११ सेंटिमीटर घसरली तर तुम्हाला सेकंदाचे १५ शतांश लागले, २० घसरली तर २० शतांश. आजोबांची आणि तुमची पट्टी किती घसरते, तेही मांडा.

आकडे वहीत लिहून ठेवा. आणि हिवाळ्यात गावी गेलात, संध्याकाळी भोरड्यांचा थवा आभाळात वळताना दिसला, तर त्यात राजा शोधू नका. थव्याची कडा पाहा. वळण तिथूनच कुठूनतरी सुरू होत असते.